यांच्या वाट्याची पुस्तकं

“सुट्टी म्हणे सुट्टी! गळ्यात ही एवढी धोंड बांधायची आणि वर म्हणायचं, आराम करा हं बाई.”

गणिताच्या बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. मी ओट्यापाशी सरबत गाळत होते आणि त्या मदतीला म्हणून आत आल्या होत्या. त्यांची मदत म्हणजे पेले मोजायचे आणि खात्री होईना म्हणून पुन्हा मोजायचे. काखेत नुकतंच मिळालेलं पुस्तक होतं, समुद्रपक्ष्यांवरचं, चांगलं विटेएवढं.

“कोणी घातलं गळ्यात?” मी विचारलं.

“कोण घालणार? भूगोलाचे सर. मागच्या वर्षी मी त्यांना व्याकरणाचा इतिहास दिला होता ना, त्याचा सूड उगवलाय. अहो वहिनी, पक्षी म्हटलं की मला फक्त गॅलरीतली घाण आठवते. ती पुसायची सोडून आता वाचायची!”

“पुसता पुसता वाचा.”

“हसा, हसा. तुमचं काय जातंय,” त्या म्हणाल्या आणि जीभ चावली. मग उगीचच एका पेल्याचा काठ फडक्यानं पुसायला लागल्या. पेला स्वच्छ होता.

माझं काय जात होतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. बाहेर व्हरांड्यात बसलेल्या सगळ्या जुन्या मंडळींनाही ठाऊक होतं. एका माणसाला ते सगळ्यांना ठाऊक आहे हे माहीत नव्हतं, आणि तो माणूस म्हणजे आमचे हे.

आता नीट सांगते.

परीक्षेचे पेपर तपासून झाले, गुण भरून झाले, की सुट्टीच्या तोंडावर कॉलेजातली ही मंडळी आमच्याकडे जमायची. आमचं घर कॉलेजच्या मागच्या फाटकाला लागून, आणि व्हरांडा ऐसपैस, म्हणून आमच्याकडे. रिवाज असा की उन्हाळ्यात वाचायचं पुस्तक स्वतः निवडायचं नाही. दुसऱ्यानं आपल्यासाठी निवडायचं, तेही आपल्या विषयाबाहेरचं. ग्रंथपाल ते ज्याच्या त्याच्या नावावर काढून आणायचे. मिळालं ते मुकाट्यानं घ्यायचं, बदलून मागायचं नाही. आणि कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी पुन्हा याच व्हरांड्यात बसून काय वाचलं ते सांगायचं. याला ते ‘गळ्यात घालणं’ म्हणत. कुणी सुरू केलं कोण जाणे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते चालू होतं.

हे फिजिक्स शिकवायचे. पंखा का गरगरतो, पाणी वर का चढतं, हे यांना झोपेतून उठवून विचारा. पण माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात यांच्या गळ्यात एक कादंबरी पडली. दोन दुपारी यांनी ती नेटानं वाचली. तिसऱ्या दुपारी मला हाक मारली.

“अगं, इकडे ये. चाळीस पानं झाली. यातला एकही माणूस अजून कामावर गेलेला नाही. यांचं घर चालतं कशावर?”

“मला काय माहीत?”

“हाही म्हणतो मला कंटाळा आला, तीही म्हणते मला कंटाळा आला. अरे मग उठा की! नळ दुरुस्त करा!”

एवढं बोलून यांनी पुस्तक पोटावर पालथं घातलं आणि डोळे मिटले. श्वासाबरोबर ते पुस्तक वर जाई, खाली येई. मी थोडा वेळ बघत बसले. मग हलक्या हातानं उचललं.

माझी शाळा आठवीत सुटली होती. आई आजारी, पाठची भावंडं, कोणीतरी घरी थांबायला हवं होतं, आणि ते कोणीतरी मी होते. त्याचं रडगाणं नाही गात. पण वाचायची भूक राहिली होती, आणि ती सामानाला बांधून आलेल्या कागदांवर भागवत आले होते. जाहिराती, हरवले-सापडले, हवामान. अख्खं पुस्तक, तेही कोणी ‘आता काय वाचत बसलीस’ न म्हणता, हे पहिलंच. अडलेले शब्द मी यांना विचारायची. निम्मे यांनाही यायचे नाहीत. मग हे एक जुना शब्दकोश घेऊन आले आणि म्हणाले, “हा ठेव. मला झोपेतून उठवू नकोस.”

कॉलेज उघडायला आलं तशी यांची तगमग सुरू झाली. तेव्हा मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. म्हटलं, “चादरीचं दुसरं टोक धरा, सांगते.” आम्ही समोरासमोर उभे राहिलो. घडी घालायला जवळ आलो की मी सांगायची, लांब गेलो की हे विचारायचे, “मग?” तीन चादरी आणि दोन पलंगपोसांत ती कादंबरी संपली. नंतरही कायम असंच. घरातले कपडे कमी पडले तर मी धुतलेल्याच चादरी पुन्हा धुवायची. सासूबाई आतून ओरडायच्या, “अरे, मोठ्यानं सांगा, मला त्या घोडेवाल्याचं काय झालं ते कळलं नाही!”

मला उन्हाळे पुस्तकांवरूनच आठवतात. लेकीला कांजिण्या आल्या तो वाळवंट पार करणाऱ्या माणसाचा उन्हाळा. तिच्या अंगाला औषध लावायचं, एक पान वाचायचं. आमच्या घराला रंग दिला तो सर्कशीचा उन्हाळा. त्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर निळ्या रंगाचा थेंब पडला तो पुसलाच नाही. सासूबाई गेल्या तो उन्हाळा आजारी राजाच्या चरित्राचा. शेवटी शेवटी त्यांना ऐकू येत नव्हतं, तरी मी वाचत राहायची, आणि त्या ओठांकडे बघत मान हलवायच्या. लेक परगावी शिकायला गेली, त्या वर्षी दीपगृहातल्या दोन भावांची गोष्ट होती. खिडकीचे पडदे ओले करून सोडायचे, पंख्याखाली जमिनीवर आडवं व्हायचं, हाताची उशी करायची. हे पलीकडे घोरायचे. त्या दुपारींइतकी श्रीमंती मी पुढे कधी भोगली नाही.

आणि मग कॉलेज उघडायच्या आदल्या संध्याकाळी व्हरांडा भरायचा. हे बोलायचे. मी पेले भरत असायची. एकदा मी चादरीच्या त्या टोकावरून यांना म्हटलं होतं, “त्या बाईला घर सोडायचं नव्हतंच मुळी. तिला फक्त दार उघडं हवं होतं.” तेच वाक्य यांच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं आणि प्राचार्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. म्हणाले, “वा! सर, तुम्ही साहित्याकडे यायला हवं होतं.” हे लाजले. मी आत जाऊन विनाकारण साखरेचा डबा उघडला आणि लावला.

वाईट वाटायचं का? शेजारणीचा नवरा तिच्या हातची भाजी ‘आमच्याकडची’ म्हणून पाहुण्यांना वाढायचा. आमच्याकडे वाक्यं वाढली जायची. तोंड माझं नव्हतं, पण बोलणं माझं होतं, आणि शिकलेली माणसं ते ऐकून घेत होती. आठवी नापास नव्हे, आठवी सोडलेल्या बाईला तेवढं पुष्कळ होतं. कधीकधी पुष्कळ नसायचंही. तेव्हा मी जरा जास्त चादरी धुवायची.

मग आली ती घड्याळजीच्या मुलीची कादंबरी.

बाप गेल्यावर ती मुलगी दुकानाला कुलूप लावते, बंदरावर येते, बोटीचा भोंगा वाजतो, आणि पुढची पानंच नाहीत. कोणीतरी ओरबाडून काढल्यासारखी शिवण तेवढी शिल्लक. मी यांना सांगितलं, “अहो, शेवट नाहीये. पण मला वाटतं ती परत फिरते. थांबायला नाही हं, बापाची हत्यारं घ्यायला. ती घेते आणि पुढच्या बोटीनं जाते.” यांनी मान डोलावली.

व्हरांड्यात यांनी अगदी रंगवून सांगितलं. पानं नव्हती, एवढं सांगायचं मात्र विसरले. “आणि मग ती हत्यारांची पेटी उचलते,” हे म्हणाले.

“छे, छे,” भूगोलाचे सर म्हणाले. “ती बुडते ना? मी वाचलंय ते. दोन वर्षांपूर्वी माझ्याच गळ्यात होतं.”

“बुडते कशाला?” गणिताच्या बाई उसळल्या. “त्या बोटीच्या कप्तानाशी लग्न करते! माझ्याकडे होतं त्याच्या आधी.”

जुंपली. बुडणारी, लग्न करणारी आणि पेटी उचलणारी अशा तीन मुली व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि कोणीही आपली मुलगी सोडायला तयार होईना. तत्त्वज्ञानाचे सर म्हणाले की तिन्ही शेवट एका अर्थानं खरे आहेत, पण ते नेहमीच तसं म्हणायचे. कॉलेजात त्या पुस्तकाची एकच प्रत होती. ग्रंथपाल कोपऱ्यात सरबत पीत बसले होते. पानं कित्येक वर्षांपूर्वीच फाटल्याचं त्यांना माहीत असणारच, बांधणीला द्यायच्या गठ्ठ्यातून ते पुस्तक त्यांच्याच हातून निसटलं होतं. त्यांनी या तिघांकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातला तांब्या जरा हिंदकळला असावा.

जाताना ग्रंथपाल ते पुस्तक परत न्यायला म्हणून आत आले. “वहिनी, शेवटची पानं नाहीत बरं का यात.”

“हो का?” मी म्हटलं.

“सरांनी सांगितला तो शेवट चांगला होता. सरांना सांगा.”

“सांगते.”

रात्री मी यांना म्हटलं, “अहो, पानं नव्हती हे सांगितलं का नाहीत?” तर हे म्हणतात, “तू एवढं खरं सांगितलंस की मला पानं दिसलीच.”

त्यानंतर कोणी काही बोललं नाही. फक्त यांच्या वाट्याची पुस्तकं बदलली. आधी तोफा, लढाया, खनिजांचे साठे असलंही काहीबाही यायचं आणि मी तेही आवडीनं वाचायची. आता यायला लागली ती अशी, की पहिल्या पानावरच वाटावं, कोणीतरी माझ्याकडे बघून हे उचललंय. घरं चालवणाऱ्या बायका, दवाखान्यातल्या परिचारिका, उशिरा अक्षर शिकलेली एक शिंपीण. गणिताच्या बाई यांच्या हातात पुस्तक द्यायच्या आणि नजर दारात उभ्या माझ्याकडे. “सर, हे तुम्हाला नक्की आवडेल,” असं म्हणायच्या आणि ‘नक्की’वर जोर द्यायच्या. हे भाबडेपणानं “बघू, बघू” म्हणायचे. यांची मान खाली होऊ नये म्हणून सगळे मिळून हे नाटक वर्षानुवर्षं करत होते, आणि मीही त्यात एक होते.

यंदा हे निवृत्त झाले. ग्रंथालयाच्या यादीतून नाव कमी झालं. यांच्या गळ्यात आता काही पडणार नव्हतं, आणि यांच्या गळ्यात पडलं नाही तर माझ्या हातात कुठून यायचं? मला द्यायचं तर कोणाला तरी तोंड उघडून सांगावं लागणार होतं की मला का. आणि ते सांगायचं म्हणजे यांच्या निरोपाच्या दिवशी यांना सगळ्यांसमोर उघडं पाडायचं. मी तर सांगणार नव्हतेच. निम्मी चादर यांनीच धरली होती ना इतकी वर्षं.

सकाळी पलंगाजवळची खिडकीची कडा पुसत होते. उन्हाळ्याचं पुस्तक तिथे असायचं. हे चहाचा कप घेऊन आले.

“तिथे काय करतेयस?”

“काही नाही. आता इथे तुमच्या गोळ्या ठेवू. हाताशी राहतील.”

हे कप हातात घेऊन तसेच उभे राहिले. चहावर साय धरली तरी उभेच. मग म्हणाले, “गोळ्या कपाटात बऱ्या आहेत की.” आणि गेले.

तर सरबत घेऊन मी आणि गणिताच्या बाई बाहेर आलो तेव्हा गळ्यात घालण्याचा कार्यक्रम उरकला होता. भूगोलाच्या सरांना संगीतावरचं पुस्तक मिळालं होतं आणि ते त्याच्याकडे करवंदाच्या जाळीत हात घातल्यासारखे बघत होते. तत्त्वज्ञानाच्या सरांना बागकाम. यांच्या जागी लागलेल्या नव्या मॅडम, अगदी तरुण, चष्म्यामागे डोळे मोठे करून सगळं न्याहाळत होत्या. त्यांच्या मांडीवर कोणा म्हाताऱ्या वैद्याचं आत्मचरित्र होतं आणि ते मिळाल्याचा त्यांना खराखुरा आनंद झालेला दिसत होता. नवीन असलं की होतं तसं.

प्राचार्य उठले. खाकरले. यांच्या तासांबद्दल बोलले, प्रयोगशाळेबद्दल बोलले, यांनी एकदा प्राचार्यांच्या केबिनचा पंखा फूटपट्टी आणि रबर लावून दुरुस्त केला होता त्याबद्दल बोलले. मग आवाज जरा हळवा झाला. “आणि वाचक! विज्ञानाचा माणूस, पण असा वाचक या कॉलेजात झाला नाही. सरांनी सांगितलेली पुस्तकं मी नंतर जाऊन वाचली आहेत, आणि खरं सांगतो, सरांकडून ऐकतानाच जास्त चांगली होती.”

टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवताना प्रत्येकजण कुठेतरी दुसरीकडे बघत होता. भूगोल छताकडे, तत्त्वज्ञान बागकामाकडे. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं, आणि इतकी माणसं एकाच वेळी आपल्याकडे बघत नसली की अंगावर उजेड पडल्यासारखं होतं.

भेट म्हणून एक मोठं खोकं आलं. यांनी सुतळी सोडली. आत वाचायचा दिवा होता, लांब मानेचा, हवा तसा वळवता येणारा.

“ग्रंथपालांनी निवडला,” प्राचार्य म्हणाले.

“घरात चांगला उजेड असावा,” ग्रंथपाल म्हणाले. “घरातल्या सगळ्यांनाच उपयोगी.”

यांनी लगेच दिव्याची मान वळवून बघितली, स्प्रिंग कुठे बसवलीय ते तपासलं. ही यांची खरी आवड. मग दिवा मांडीवर घेऊन बसले.

तेवढ्यात नव्या मॅडमनी विचारलं, “पण सर, तुमच्यासाठी यंदा कोणी निवडलं? तुमचं पुस्तक राहिलं की.”

“सर आता सुटले हो! गळा मोकळा!” भूगोलाचे सर मोठ्यानं हसले. त्यांच्याबरोबर कोणी हसलं नाही.

ग्रंथपालांच्या पायाशी कापडी पिशवी होती. तिच्यातून एका पुस्तकाचा कोपरा दिसत होता. ते म्हणाले, “तसं मी एक आणलंय. म्हणजे काढून ठेवलंय. पण नियमात... सरांचं नाव कमी झालंय. दुसऱ्या कोणाच्या नावावर काढता येईल. पण द्यायचं कोणाला, म्हणजे कोणाच्या नावानं, ते...” आणि थांबले.

“नियम काय आकाशातून पडलेत का? आपणच केलेत ना?” गणिताच्या बाई म्हणाल्या.

“मग तुम्ही बोला की.”

“मी कशाला बोलू? ग्रंथपाल तुम्ही आहात.”

“मी पुस्तकं देतो बाई, भाषणं करत नाही.”

“एका अर्थानं,” तत्त्वज्ञानाचे सर म्हणाले, “पुस्तक कोणाचं असतं हा प्रश्नच...”

“तुम्ही तर राहूच द्या!”

नव्या मॅडम या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर बघत राहिल्या. त्यांना वाटलं आपलं काही चुकलं. सावरायला म्हणून त्या यांच्याकडे वळल्या. “सर, सगळे म्हणतात तुमचं सांगणं ऐकायलाच हवं. मागच्या उन्हाळ्यातल्या त्या परिचारिकेच्या पुस्तकाबद्दल मला सांगा ना. तिनं शेवटी ती नोकरी का सोडली? मी वाचलंय, पण मला ते कळलंच नव्हतं.”

याचं उत्तर यांच्याजवळ होतं. मीच दिलं होतं, मागच्या वर्षी, आणि यांनी ते इथेच बसून छान सांगितलंही होतं. यांना नुसतं तोंड उघडायचं होतं. मी दारात तबक धरून उभी होते. मनात म्हटलं, सांगा, अहो, सांगून टाका, लोक घरी जातील.

यांनी मांडीवरच्या दिव्याकडे बघितलं, मग मान वर करून माझ्याकडे. वर्गात फळ्यावर चुकीचं समीकरण लिहिलं गेलं की यांचा चेहरा कसा होत असेल, ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी पाहिलं. कान लाल झाले होते. दिवा दोन्ही हातांनी सांभाळत हे उठून उभे राहिले.

“एक मिनिट,” हे म्हणाले. “माझं चुकतंय. म्हणजे पहिल्यापासूनच चुकत आलंय.”

“सर, बसा हो तुम्ही,” ग्रंथपाल घाईघाईनं म्हणाले. “काही गरज नाही.”

“आहे. आज नाही बोललो तर नंतर तुम्ही मला विचारायला येणार नाही आणि मी सांगायला येणार नाही.” यांनी दिवा खुर्चीवर ठेवला. “मी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. एकही नाही. ही वाचते. तुम्ही जे ऐकत आलात ना, ते सगळं हिचं आहे. तेव्हा ते पिशवीतलं पुस्तक हिला द्या, हिच्या नावानं द्या, आणि परिचारिकेनं नोकरी का सोडली ते हिला विचारा.”